मढच्या खळ्यावर चाळीस झाडं

१४ जुलै १९८५, रविवार. जमा पाच हजार रुपये. देणगीदार चाळीस, प्रत्येकी सव्वाशे. हजर: क्लबचे एकतीस सभासद, त्यांची अकरा मुलं, एक फोटोग्राफर आणि बसचा ड्रायव्हर. ठिकाण मढ, गावाच्या कडेचं वाळूचं मोकळं मैदान. काम वृक्षारोपण.

मी क्लबचा खजिनदार होतो म्हणून हे आकडे माझ्यापाशी आहेत. त्या दिवसाबद्दल क्लबातले लोक पुढे जे सांगत फिरले ते ऐकून मला अजून संताप येतो, म्हणून आकडे आधी लिहून टाकले.

आमचा क्लब अंधेरी पूर्वेचा. महिन्याला एक सहल आणि वर्षाला एक समाजकार्य, असा नेम. सहलीला सगळे यायचे. समाजकार्याला सगळ्यांनी यावं म्हणून अध्यक्षांनी युक्ती काढली होती: समाजकार्यही सहलीसारखंच करायचं. बस, नाश्ता, गाण्याच्या भेंड्या, मध्ये तासभर कार्य, मग जेवण. अध्यक्षांचा साकीनाक्याला प्लास्टिकच्या बादल्यांचा कारखाना होता. त्या वर्षी त्यांना 'पर्यावरण' हा शब्द सापडला होता आणि तो ते प्रत्येक वाक्यात घालत. अशा क्लबांचा एक महासंघ होता, तो दर वर्षी पर्यावरणकार्याला ढाल द्यायचा. ती ढाल अध्यक्षांना आपल्या केबिनमध्ये हवी होती.

झाडांची रोपं फुकट मिळाली. खर्च होता तो लोखंडी जाळ्यांचा. चाळीस जाळ्या, प्रत्येकी ब्याण्णव रुपये, अध्यक्षांच्या साडूच्या वर्कशॉपमधून. त्याच गल्लीत पुढच्या गाळ्यावर मला अठ्ठ्याहत्तरचा भाव मिळाला होता. अध्यक्ष म्हणाले, "तुझा माणूस गंजकं लोखंड देईल." जाळ्यांचे झाले तीन हजार सहाशे ऐंशी. प्रत्येक जाळीवर देणगीदाराच्या दिवंगत नातेवाइकाच्या नावाची पत्र्याची पाटी, आठ रुपयांप्रमाणे तीनशे वीस. एकूण चार हजार. उरलेल्या हजारातून बस आणि श्रीखंड-पुरीचं जेवण.

जाताना बसमध्ये मी म्हणालो, "लोकांनी पैसे झाडांसाठी दिलेत. त्यातून आपण श्रीखंड कसं खायचं?"

"झाडं काय चालत जाणार होती मढला?" अध्यक्ष म्हणाले आणि सगळी बस हसली. "आणि झाडं लावणाऱ्यानं उपाशी लावायची? अरे, तू श्वास घेतलास तरी त्याचं व्हाउचर मागशील."

हा टोमणा मला उद्देशून होता, कारण जूनमध्ये जागा बघायला म्हणून ते आणि कार्यवाह गाडीनं मढला गेले, तिथे कोळंबी खाऊन आले आणि चौऱ्याहत्तर रुपये क्लबकडे मागितले. पावती नव्हती. मी रक्कम खोडली. पावती नाही तर खर्च नाही, हा नियम मी कमिटीकडून मंजूर करून घेतलेला होता. तेव्हापासून अध्यक्ष माझ्याशी हसून बोलत. ते हसून बोलायला लागले की समजायचं, डोक्यात ठेवलंय.

जागा बघून मात्र सगळे खूश झाले. एवढं मोकळं मैदान, एक झोपडी नाही, एक खांब नाही. जूनमध्ये जागा बघून आलेले कार्यवाह पहिल्यांदाच बघत असल्यासारखे पुढे गेले आणि ओरडलेच, "अहो, इथे खड्डेसुद्धा तयार आहेत!"

खरंच होते. सरळ रांगांमध्ये, सारख्या अंतरावर, हात-दीड हात खोल, पावसाच्या पाण्यानं भरलेले.

"कोणी खणलेत हे?" मी विचारलं.

"म्युनिसिपालिटीनं," अध्यक्ष म्हणाले. "खणले आणि विसरले. सरकारी काम. आपण पुरं करू."

"पण गावात विचारायला नको?"

"काय विचारायचं? झाडं लावायला कोण नाही म्हणतो रे?"

दोन गडी खणायला आणायचे ठरले होते, त्यांचे पैसे वाचले, म्हणून कार्यवाहांनी टाळ्या वाजवल्या. चाळीस खड्ड्यांत चाळीस रोपं गेली. त्यांच्याभोवती चाळीस जाळ्या गेल्या, खाली दगड-विटा ठोकून घट्ट. पाऊस पडत होता. बायका छत्र्या घेऊन गोल करून उभ्या राहिल्या, मुलं नाचली, फोटोग्राफरनं अडीच रोल संपवले. समोरच्या घरांच्या दारांतून चारपाच कोळणी बघत होत्या. त्यातली एक फोटोग्राफरकडे बोट दाखवून काहीतरी म्हणाली आणि बाकीच्या हसल्या. अध्यक्षांनी त्यांना हात केला. बसमध्ये बसताना म्हणाले, "बघ, किती आनंद झालाय त्यांना."

त्यानंतर साडेतीन महिने मढकडे कोणी फिरकलं नाही. पाणी घालायला माणूस ठेवू या, असं मी दोनदा सुचवलं. "पाऊस आहे ना," पहिल्यांदा उत्तर मिळालं. "पाऊस झाला ना," दुसऱ्यांदा.

३ नोव्हेंबरला महासंघाचे परीक्षक झाडं बघायला येणार होते. दिवाळी तोंडावर आली होती. पुन्हा बस केली, या वेळी प्रत्येकाकडून पैसे घेऊन, कारण मी अडून बसलो. परीक्षक मागून अध्यक्षांच्या गाडीतून येत होते. मढला वळण घेतलं तसा बसमध्ये वास यायला लागला. आमच्यात बरेच शाकाहारी. बायकांनी पदर नाकाला लावले.

मैदान ओळखू येईना. जुलैमध्ये जिथे काही नव्हतं, तिथे सगळीकडे बांबूचे खांब, आडव्या दोऱ्या आणि दोऱ्यांवर बोंबील. दोन-दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून दोरीवर टाकलेले, हजारोंनी. ते मैदान नव्हतंच. ते गावाचं खळं होतं, मासळी सुकवायची जागा. पावसाळ्यात होड्या बंद असतात, मासळी नसते, म्हणून बांबू उपटून घरात ठेवतात आणि खळं मोकळं पडतं. आमचे तयार खड्डे म्हणजे त्या बांबूंचे खड्डे. आम्ही गावाच्या खांबांच्या भोकांत झाडं लावली होती.

एका कडेला आमच्या चाळीस जाळ्या तशाच रांगेत उभ्या होत्या. खड्डे त्यांनी अडवलेले, म्हणून तिथे बांबू रोवता आला नव्हता. मग दोऱ्या सरळ जाळ्यांनाच बांधल्या होत्या. जाळीपासून जाळीपर्यंत दोरी, दोरीवर बोंबील, आणि मध्ये पाट्या: कैलासवासी अमुक यांच्या स्मरणार्थ, कैलासवासी तमुक यांच्या स्मरणार्थ. आतली रोपं वाळून काटक्या झालेली. मी फिरून पाहिलं. चाळीसपैकी चारांना पानं होती.

अध्यक्षांच्या वडिलांची पाटी पहिल्या जाळीवर होती. पाटीच्या एका कोपऱ्यावरून बोंबलाची जोडी लोंबत होती आणि पाणी वडिलांच्या नावावरून खाली ठिबकत होतं.

मागून गाडी येऊन थांबली. परीक्षकांनी काच खाली केली, वास घेतला, काच वर केली.

अध्यक्ष गाडीतून उतरले आणि त्यांनी दोरीला हात घातला. मी "थांबा" म्हणेपर्यंत त्यांनी ती खेचली होती. अख्खी दोरी वाळूत.

"ए सायबा! हात लावू नको रं!" समोरच्या घरातून एक बाई धावत आली. चाळिशीची, अंगानं भक्कम, हात कोपरापर्यंत ओले.

"ही काय घाण करून ठेवलीय आमच्या झाडांवर?" अध्यक्ष ओरडले.

"घान? बाजारात घासाघीस करून नेता ती घान? कनची झाडा? दाव मना झाड!"

"ही क्लबची प्रॉपर्टी आहे!"

"मंग ने ना तुझी प्रापर्टी! चार म्हैने वाट बघतंय आमी. शूटिंग संपली, सेट नेवाला कोन येत नाय."

"कसली शूटिंग?"

"तुमचीच. पावसात छत्र्या घेवून नाचलाव ती. फोटूवाला व्हता. मना वाटला गान्याचा शीन हाय. आमचे खल्यावर कवा कवा येतान शूटिंगवाले. खोटी झाडा लावतान, दोन दिसांनी काढून नेतान. तुमी नेलाव नाय, म्हून आमी दोरी बांधली."

आमच्यातले तिघे-चौघे हसले. माझी बायकोही हसली. ते हसू अध्यक्षांना सहन झालं नाही. त्यांनी दुसरी दोरी खेचली, मग तिसरी, मग चौथी. बाई मध्ये पडली, तिला त्यांनी ढकललं नाही, पण हात झटकला आणि ती जाळीवर आदळली. मग ते थांबले. त्यांच्या सफारीवर बोंबलाचं पाणी उडालं होतं.

बोंबील आदल्या दिवशी घातलेले, अर्धे ओले. ओल्या बोंबलाला वाळू लागली की तो धुऊन उपयोग नाही, पुन्हा सुकवला तरी दातांखाली कचकचतो, कोणी घेत नाही. हे बाई सांगत होती, आम्हांला नव्हे, शेजारणीला. ती खाली बसून एकेक उचलत होती, झटकत होती आणि टाकून देत होती. कावळे जमले.

मग तिनं वर बघितलं. "पाच टोपल्या मासा व्हता. आठशे रुपये काढ."

"एक पैसा मिळणार नाही. चौकीवर चल," अध्यक्ष म्हणाले.

"चल. ये बोंबील घेवूनच येतंय. सायबाच्या टेबलावर वततंय."

मी पुढे झालो. "पाच टोपल्या नाहीत. चार दोऱ्या पडल्यात. शेजारच्या चार दोऱ्यांना किती टोपल्या लागल्या?"

तिनं माझ्याकडे जसं बघितलं, तसं माझ्याकडे माझ्या साहेबानंही कधी बघितलं नाही. "तू त्याचाच मानूस ना? त्याचेच बाजूनं मोजशील."

"मी कोणाच्याच बाजूनं मोजत नाही."

"मंग तुझा उपेग काय?"

शेजारीण म्हणाली, साडेतीन टोपल्या. बाईनं तिला शिवी दिली. टोपलीचा भाव एकशेतीस, हे मी तिसरीकडून विचारून घेतलं. साडेतीन गुणिले एकशेतीस, चारशे पंचावन्न. बाई सहाशेवर आली, पाचशेवर आली, मी हललो नाही. शेवटी ती वाळूत थुंकली आणि म्हणाली, "चारशे पंचावन. आनि दिवालीच्या आत. ये मासे मी उधार घेतलेत. दिवालीच्या आत नाखव्याचे पैशे नाय दिले, तर माझे टोपलीत मासा परायचा नाय. वरीसभर. मंग मी खाऊ काय, तुझी झाडा?"

नाखवा म्हणजे होडीचा मालक. त्याच्या दारात उधारी मोडली की सगळ्या होड्यांवर बातमी जाते. एवढं मला कळलं. अध्यक्षांनाही कळलं असणार, ते धंदेवाले होते. ते गाडीत बसले आणि परीक्षकांना घेऊन निघून गेले.

परतीच्या बसमध्ये भेंड्या झाल्या नाहीत. माझ्या शेजारची जागा रिकामी राहिली. "त्या कोळणीशी भाव ठरवायला ह्याला सांगितलं कोणी?" हे मला ऐकू येईल इतक्या मोठ्यानं बोललं गेलं. "खाणारा आहे ना, पुळका येणारच," दुसरा म्हणाला. मी मासे खाणारा आहे. त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं.

घरी बायको म्हणाली, "तुम्हीच देऊन टाका आणि मोकळे व्हा त्या क्लबातून. चारशे पंचावन्नच ना?"

"दोरी मी ओढली?"

"नाही."

"मग मी का देऊ?"

"कारण बाकीचे देणार नाहीत म्हणून," ती म्हणाली आणि करंज्यांचं सारण ढवळायला गेली.

बुधवारी कमिटी अध्यक्षांच्या घरी बसली. आठ जण. मी ठराव मांडला: नुकसानभरपाई चारशे पंचावन्न, क्लबनं द्यावी किंवा अध्यक्षांनी.

"तिनं आमच्या झाडांची वाट लावली, तिला बक्षीस?" कार्यवाह म्हणाले.

"झाडं खाऱ्या वाळूनं मेली. तिनं जाळ्यांना दोऱ्या बांधल्या. जाळ्या तिच्या खळ्यात."

"खळं तिचं आहे, कागद बघितलास तू?"

"आपलं आहे त्याचा कागद तुम्ही बघितलात?"

"अरे यार, चाळीस लोकांनी आपल्या मेलेल्या माणसांच्या नावानं पैसे दिले," अध्यक्ष म्हणाले. "त्यांच्या नावाला मासे टांगले तिनं. माझ्या बापाच्या नावाला! आणि तू मला तिला पैसे द्यायला सांगतोस?"

त्यांचा आवाज खरंच चिरकला होता. पण बापाच्या नावाची पाटी तिथे कोणी नेऊन लावली, हे मी विचारलं आणि मग बैठकीत बैठकीसारखं काही राहिलं नाही. ठराव सात विरुद्ध एक असा पडला.

पुढचा विषय दिवाळीचं स्नेहभोजन. केटररला आगाऊ बावीसशे रुपयांचा चेक द्यायचा होता. चेकवर दोन सह्या लागत, अध्यक्षांची आणि माझी. अध्यक्षांनी सही करून पुस्तक माझ्याकडे सरकवलं. मी पेनाला टोपण लावलं.

"सही कर."

"मढचे दिले की करतो."

"हा ब्लॅकमेल आहे."

"हा चेक आहे."

कोणीतरी माझ्या बापाचा उद्धार केला. कार्यवाह म्हणाले, "ह्याला आत्ताच्या आत्ता पदावरून काढा." पण काढायला सर्वसाधारण सभा लागते, त्याला चौदा दिवसांची नोटीस, आणि केटरर उद्या सकाळी येणार होता. हे नियम त्यांना माझ्याइतकेच ठाऊक होते. दहा-पंधरा मिनिटं ते आतल्या खोलीत बोलले. मला बाहेर चहासुद्धा आला नाही.

अध्यक्ष बाहेर आले ते हसत. "दे बाबा, देऊन टाक. खर्ची घाल, वृक्षारोपण म्हणून. फक्त एक कर. पावती आण. तुझाच नियम आहे."

शनिवारी अर्धा दिवस होता. ऑफिसातून परस्पर वेसाव्याला, म्हणजे वर्सोव्याला गेलो आणि खाडी ओलांडणाऱ्या तरीनं मढला उतरलो. बाई खळ्यावर होती. मला बघून उठली नाही. मी क्लबच्या रोखीतले चारशे पंचावन्न पुढे केले. तिनं ते दोनदा मोजले. एक पन्नासची नोट मध्ये फाटलेली होती, ती परत केली. मी खिशातली बदलून दिली.

मग मी कागद काढला. रक्कम, तारीख, कशाबद्दल, सगळं लिहून नेलं होतं. फक्त सही हवी होती. स्टॅम्पपॅडही नेलं होतं.

"ये काय?"

"पावती. पैसे मिळाले म्हणून."

"मिलाले. बोलले ना मी."

"लिहून पाहिजे. इथे अंगठा दिलात तरी चालेल."

"अंगठा?" तिनं हात लुगड्याला पुसले आणि मागे घेतले. "त्यो पलीकडं बंगला हाय, बघितलास? माझे चुलत सासऱ्याची वाडी व्हती ती. असाच एक मानूस आला, लई ग्वाड. म्हनला, दोनशे रुपये मिलाले म्हून अंगठा दे. दिला. आता तिथं शूटिंग व्हते आनि आमची पोरा कुंपनाबाहेरून बघतान."

"हा त्यातला कागद नाही. वाचून दाखवतो."

"त्यानंबी वाचून दावला व्हता."

मी म्हणालो, पावतीशिवाय मला पैसे देता येत नाहीत. ती म्हणाली, "मंग घे परत," आणि नोटा माझ्यापुढे धरल्या. धरल्या, पण मुठीतून सोडल्या नाहीत. शेजारच्या दोऱ्यांवरून दोघीतिघी बघत होत्या. दिवाळी दोन दिवसांवर होती. मी कागद घडी करून खिशात ठेवला.

ती लगेच उठली. तडक नाखव्याच्या घरी गेली. दारातच एक म्हातारा बसला होता, त्याच्या हातावर तिनं नोटा ठेवल्या आणि मागे वळून मला ओरडून विचारलं, "आनि त्या जाल्या कवा नेता? भाडा लागंल आता!"

मी तरीच्या धक्क्याकडे चालू लागलो. मला तिचा राग आला होता. तरीत बसेपर्यंत तो गेला नाही.

जाळ्या न्यायला क्लबमधून कोणी गेलं नाही. ढाल दुसऱ्या क्लबला मिळाली. आम्हांला जुलैमधल्या फोटोंवरून उत्तेजनार्थ प्रशस्तिपत्र आलं, ते अध्यक्षांनी केबिनमध्ये लावलं.

मार्चमध्ये वार्षिक हिशेब सभेपुढे आले. अध्यक्ष उभे राहिले आणि शांतपणे म्हणाले, "वृक्षारोपण, इतर खर्च, चारशे पंचावन्न. ह्याची पावती दिसत नाही."

"नाही," मी म्हणालो.

"खजिनदारांनीच करून घेतलेला नियम आहे. माझे चौऱ्याहत्तर खोडले होते. बरोबर होतं त्यांचं." सभा हसली.

मी कारण सांगू शकलो असतो. बंगला, चुलत सासरा, अंगठा. समोरचे चेहरे बघितले आणि सांगितलं नाही. नियम बरोबर होता आणि तो मी केला होता. चेकबुक काढलं, माझं स्वतःचं, आणि तिथेच लिहिलं. राजीनामाही त्याच टेबलावर ठेवला.

एकूण दिले ते असे: चारशे पंचावन्न रुपये क्लबनं मढच्या बाईला, रोख, पावती नाही. चारशे पंचावन्न रुपये मी क्लबला, चेकनं. त्याची पावती कार्यवाहांनी फाडायला वेळ लावला, पण मी घेतल्याशिवाय उठलो नाही.